पिन काढलेली असताना

कॅसेट फिरू लागली आणि तिच्यातून काहीच ऐकू येईना. जुन्या फितीची खरखरसुद्धा नाही. संघमित्राने टेपरेकॉर्डरचा आवाज वाढवला, मग पूर्ण वाढवला, खाली वाकून जाळीला कान लावला. कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या वायरीची पिन अर्धीच खुपसली की आवाज मशीनलाही जातो आणि माणसालाही ऐकू येतो, ही तिची शाळेपासूनची युक्ती. पण ऐकू येण्यासारखं काही असायला हवं ना. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता, पंतनगरच्या रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला, आणि टेपमध्ये मात्र घासून पालथ्या घातलेल्या भांड्यासारखी शांतता. मग एकदम ती कर्कश किंकाळी सुरू झाली आणि ती दचकून मागे सरकली. कॉम्प्युटरला जोडलेल्या टीव्हीच्या कडांवर लाल-निळे पट्टे धावू लागले. थोड्या वेळाने पडद्यावर चौकोनी ठिपक्यांचा साप आला. वहीएवढा, काळ्या रबरी बटणांचा तो कॉम्प्युटर कित्येक वर्षांनी जिवंत झाला, आणि संघमित्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली. किंकाळीच्या आधी आई बोलायला हवी होती. ‘सापाचा,’ म्हणायला हवी होती. ‘घालते पिन. दाब गं संघे.’ बास, एवढंच. तेवढं कुणीतरी उचलून फेकून दिलं होतं.

तिने टेप थांबवली, पुढे पळवली, पुन्हा लावली. शांतता, किंकाळी, शांतता, किंकाळी. कॅसेट पालटली, दुसरी लावली. तिथेही तेच, सारख्या अंतरावर, काटेकोर. ज्याच्याकडे दुरुस्तीला दिलं होतं त्या कृणालने परत पाठवलेला खोका टेबलावर उघडा पडला होता. किती निगुतीने बांधला होता गाढवाने. कॉम्प्युटर फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, बटणांची फाटकी जुनी रबरी चटई वेगळ्या पिशवीत, आणि एका बोटभर पिशवीत फुगलेले जुने कपॅसिटर, जे काढून त्याने नवे बसवले होते. जुने कॉम्प्युटर जिवंत करायच्या या छंदातल्या लोकांचा दंडक असतो तो. आठ-बिटी मशीन दुरुस्त करताना काढलेला भाग टाकायचा नाही, मालकाला परत द्यायचा, तो मेलेला असला तरी. मेलेले कपॅसिटर परत दिले. आई नाही दिली. मोबाइलवर त्याचा मेसेज होता, ‘ताई, सगळे प्रोग्राम रिकव्हर, झिरो एरर. कॅसेटपण नव्यासारख्या करून दिल्यात, झकास लोड होतील,’ आणि खाली हसऱ्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग. संघमित्राला त्या चेहऱ्यांच्या एकेक करून थोबाडीत माराव्याशा वाटल्या. तिने उत्तर लिहायला घेतलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. काय लिहिणार? की माझी आई कुठे टाकलीस? चांगलं काम करणाऱ्या माणसावर चिडायची आपल्याकडे सोय नसते. तो फुकट राबला होता. तिला खूश करायला राबला होता. त्यामुळे राग आणखीच वाढत गेला आणि तो कुठे ठेवायचा ते तिला कळेना.

तो कॉम्प्युटर भाऊंनी आणला होता. भाऊ म्हणजे तिचे वडील, घरात सगळे त्यांना भाऊच म्हणत. ट्रॉम्बेला अणुकेंद्रात ते हेल्पर होते. त्यांच्या एका साहेबांनी परदेशातून मुलासाठी हे यंत्र आणलं, मुलाने चार दिवस खेळून माळ्यावर टाकलं, आणि भाऊंनी ते मागून घेतलं. मागून घेतलं, हे संघमित्राला बऱ्याच उशिरा कळलं, आणि त्या वेळीही तिला असाच राग आला होता, साहेबांचा, त्यांच्या मुलाचा, आणि भाऊंच्या त्या मागण्याचा. पण तेव्हा ती दहावीत होती आणि घाटकोपरच्या त्या चाळीत, जिथे पाण्यासाठी नंबर लावावा लागे, तिच्या घरी कॉम्प्युटर होता. चाळीत कुणाला खरं वाटत नव्हतं. पलीकडच्या वसुधाबाई दारातून बघून जायच्या आणि आईला म्हणायच्या, ‘मथुराबाई, पोरीला चपात्या लाटायला शिकवा, बटणं काय दाबताय.’ आई नुसती हसायची. ते हसणंसुद्धा संघमित्राला तेव्हा पटायचं नाही. तिला वाटायचं, आईने एकदा तरी त्या बाईला चांगलं सुनावावं. आईने कधी कुणाला सुनावलं नाही. परभणीकडच्या खेड्यातून आलेली, अक्षरओळख नसलेली ती बाई दिवसभर विक्रोळीच्या एका कारखान्यात औषधाच्या बाटल्या पुठ्ठ्यात भरायची, आणि संध्याकाळी येऊन टेपरेकॉर्डरपाशी बसायची.

टेपरेकॉर्डर तिचा होता. त्या घरात आईच्या मालकीची ती एकच वस्तू. चौदा एप्रिलच्या जयंतीला स्टॉलवर गाण्यांच्या कॅसेटी मिळत, त्या तिने वर्षाला एक-दोन करत जमवल्या होत्या. आणि तो कॉम्प्युटर असा, की बटण बंद केलं की सगळं विसरायचा. संघमित्राने ग्रंथालयातल्या मासिकातून उतरवून आणलेला, तासन् तास टाइप केलेला प्रोग्राम ठेवायचा तर कॅसेटवर ठेवायचा, आवाजाच्या रूपात. तीच ती किंकाळी. कोरी कॅसेट कुठून आणणार? आईने आपली गाणी पुढे केली. ‘घे. मला तोंडपाठ हायती,’ म्हणाली. कॅसेटच्या पाठीवरच्या भोकांना चिकटपट्टी लावली की तिच्यावर पुन्हा भरता येतं, हे चाळीतल्या कुणीतरी सांगितलं, आणि आईने स्वतःच्या हाताने पट्ट्या लावल्या. गाण्यांवर किंकाळ्या चढल्या. पण एका कॅसेटवर सात-आठ प्रोग्राम, कुठे काय आहे ते कसं कळणार? म्हणून जगभरची पोरं तेव्हा करत तेच त्यांनीही सुरू केलं, कुणी न शिकवता. टेपरेकॉर्डरला कॉम्प्युटरची पिन लावली की त्याचा स्वतःचा माइक बंद पडतो. तेव्हा आधी पिन काढायची, भरणं सुरू करायचं, प्रोग्रामचं नाव तोंडाने सांगायचं, मग पिन घालायची आणि कॉम्प्युटरचं बटण दाबायचं. टेपरेकॉर्डर लावायचा प्लग खिडकीपाशी होता आणि त्याची वायर तोकडी, म्हणून कॉम्प्युटरवर संघमित्रा आणि चार हातांवर टेपपाशी आई. पिन आईच्या ताब्यात. नाव आई सांगायची. तिला वाचता येत नव्हतं, तेव्हा ती जे पडद्यावर दिसलं त्याचं नाव ठेवायची. सापाचा. उड्या मारणाऱ्या ठिपक्याचा. पाढ्यांचा. गॅलरी धुवायची पाळी कुणाची ते सांगणारा एक संघमित्राने स्वतः रचला होता, तो ‘गॅलरीचा’. आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच, ‘घालते पिन. दाब गं संघे,’ आणि पिन आत गेल्याचा टक्क आवाज. पिन बाहेर असेल तेवढाच वेळ त्या टेपला माणसाचं ऐकू यायचं.

आईचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. ती गेली तेव्हा मोबाइल नव्हते. मिथुनच्या, म्हणजे धाकट्या भावाच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट होती, मुलुंडच्या हॉलमधली, आणि आई तिच्यात कितीतरी वेळ दिसते, हिरव्या साडीत, सुनेच्या मावशीशी हातवारे करून काहीतरी सांगताना, पोट धरून हसताना. पण शूटिंगवाल्याने सगळा आवाज काढून वर सिनेमाची गाणी घातली होती. आईचं तोंड हलतं आणि भलतीच बाई गाते. ती कॅसेट पहिल्यांदा बघितली तेव्हा संघमित्रा उठून स्वयंपाकघरात गेली होती आणि मिथुन बाहेरून म्हणाला होता, ‘काय झालं गं, मस्त तर केलंय.’ मस्त. सगळ्यांना सगळं मस्त लागतं. बाई नुसती दिसली की झालं, ती काय बोलली त्याचं कुणाला काय. त्यामुळे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेल्या त्या दोन कॅसेटी म्हणजे काय होतं ते फक्त संघमित्राला माहीत होतं. आणि तिने त्या वाजवल्या नव्हत्या. हेच तर. जुनी फीत सुकते, तिच्यावरची भुकटी गळते, वाईट मशीनमध्ये घातली तर एका फेरीत तुटते. आठ-बिटीवाल्यांच्या ग्रुपमध्ये नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिली गोष्ट हीच सांगतात: उगाच वाजवून बघू नका, पहिल्यांदा वाजेल ती फेरीच शेवटची समजा, आणि ती चांगल्या टेपडेकवर, आवाज कॉम्प्युटरमध्ये भरून घेतच वाजवा. तिने नियम पाळला. डबा उघडून बघायची, बंद करायची. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर तिने या छंदात डोकं घातलं, सोल्डरिंग शिकली, दुसऱ्यांची मशिनं दुरुस्त केली, ते सगळं खरं तर त्या डब्यापर्यंत पोचायला. ग्रुपमधला सगळ्यात चांगला डेक कृणालकडे होता. कान त्याच्यासारखे कुणाचेच नव्हते. म्हणून त्याला दिल्या. ‘कॅसेटवर जे आहे ते सगळं हवंय मला,’ एवढं ती म्हणाली होती. आईचं नाव काढलं नाही. बाकीचे चिप आणि व्होल्टेजबद्दल बोलत बसले होते आणि त्यांच्यात आईचं नाव काढलं असतं तर ते एकदम गप्प होऊन तिच्याकडे मायेने बघायला लागले असते, आणि तिला तसली माया नको होती.

तिने फोन लावला. ‘कृणाल, त्या कॅसेटींची मूळ रेकॉर्डिंग कुठे आहे? कच्ची. जशी पहिल्यांदा वाजली तशी.’

‘ती? ती काय करायचीय ताई? फायनल दिलीय ना तुम्हाला. काय लोड होत नाहीये का?’

‘लोड होतंय. मूळ कुठे आहे?’

‘बघतो,’ तो म्हणाला, आणि त्या ‘बघतो’वरून तिला कळलं. ‘या ना घरी. मी आहे आज.’

मेट्रोत तिला बसायला जागा मिळाली तरी ती दाराशी उभी राहिली. पर्समध्ये कॅसेटी होत्या. काचेतून साकीनाक्याचे पत्रे, मग मरोळ, मग अंधेरीच्या इमारतींचे मागचे भाग, धुणी, एसीचे डबे. शेजारी एक मुलगी कानात बटणं घालून व्हॉइस मेसेज ऐकत होती, एक संपला की दुसरा, ऐकून लगेच पुसत होती. अंगठ्याने. संघमित्राला तिचा हात धरावासा वाटला. तिने मनात कृणालशी भांडायला सुरुवात केली. तू काय समजतोस, प्रोग्राम हवे होते मला? तो साप? तसले साप इंटरनेटवर हजार पडलेत. तुला एवढी अक्कल नाही? मग कृणाल मनातल्या मनात तिला उत्तर द्यायचा, शांतपणे, ताई ताई करत, आणि त्याचं उत्तर बरोबर असायचं. ती ते खोडायची. तिच्या ओठांची हालचाल झाली असावी, कारण त्या मुलीने एकदा वर बघितलं. अंधेरीला गर्दी उतरली आणि तिला एकदम वसुधाबाई आठवल्या, दारात उभ्या, कमरेवर हात ठेवून. वसुधाबाई अजून जिवंत होत्या. बदलापूरला मुलाकडे असतात, परवा कुणीतरी सांगितलं, अजून खणखणीत बोलतात म्हणे. खणखणीत. या बाईचा आवाज अजून हवेत आहे आणि माझ्या आईचा एका मुलाने बटण दाबून घालवला. यात वसुधाबाईंचा काही दोष नव्हता हे तिला कळत होतं. रागाला ते कळत नव्हतं.

कृणालचं घर वेसाव्याच्या कोळीवाड्यात, गल्लीच्या तोंडाशीच. बाहेर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील सुकत होते आणि त्यांच्या खालून वाकून आत जावं लागे. त्याची आई, कुंदाबाई, पडवीत बसून मोठ्या परातीत कोलंबी सोलत होती. बाजारात माशाच्या पाटीपाशी जन्म काढलेली बाई, तिचा आवाज घरातसुद्धा बाजाराएवढाच. ‘ये गो बाय, कवा आयलीस? बस. च्या घेशील ना? रे कृणाल, बाय आयली बघ. कोलंबी नेशील काय गो थोडी? ताजी हाय.’ एका दमात एवढं सगळं. संघमित्रा ‘नको’ म्हणाली. तिला त्या बाईच्या तोंडाकडे बघवेना. दिवसभर ही अशी बोलत असणार, उठल्यापासून झोपेपर्यंत, ओसंडून सांडून, आणि याच्या कानावर ते पडत असणार आणि हा दार लावून घेत असणार.

दार त्याने खरंच लावून घेतलं. आतली खोली म्हणजे त्याचं देवघर. फळ्यांवर जुनी मशिनं मांडलेली, पिवळी पडलेली, पांढरी करून घेतलेली, भिंतीला अंड्यांच्या क्रेटचे पुठ्ठे ठोकलेले, आवाज आत येऊ नये म्हणून. कृणाल अंधेरीतल्या एका स्टुडिओत कामाला होता. जाहिरातीत बोलणाऱ्यांचे श्वास, आवंढे, जिभेचे टचकारे कापून काढायचे, हे त्याचं रोजचं काम.

‘ताई, सॉरी,’ तो म्हणाला. त्याने बसायला खुर्ची दिली, ती बसली नाही. ‘कच्ची फाइल मी ठेवतो थोडे दिवस. मग उडवतो, लय जागा खाते. तुमचा फोन आल्यापासून रिकव्हरी लावून बसलोय, पण त्यावर दुसरं भरलं गेलंय. नाही येत.’

‘आणि कॅसेट?’

‘कॅसेट तर आधी पूर्ण पुसून घेतली. मग प्रोग्राम क्लीन करून परत भरले. जुन्या फितीवरच, ओरिजिनल राहावी म्हणून.’ तो थांबला. ‘मला वाटलं, तुम्ही खूश व्हाल.’

‘प्रोग्रामच्या मध्ये काही होतं का?’

‘मध्ये? हां, ते कुणीतरी बाई बोलत होती. नाव-बिव सांगायला.’ मग त्याने तिच्याकडे नीट बघितलं आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलला. ‘तुमच्या आई होत्या का ताई?’

संघमित्राने नुसती मान हलवली. बोलली असती तर खोलीतलं काहीतरी फुटलं असतं.

‘यार,’ कृणाल म्हणाला. तो स्वतःच खुर्चीत बसला. ‘मी हेड त्यांच्यावरच सेट केला.’

‘म्हणजे काय?’

‘जुनी कॅसेट ज्या टेपरेकॉर्डरवर भरलेली असते ना, त्याचा फितीला टेकणारा हेड थोडा तिरका असतो. मग माझ्या डेकचा स्क्रू फिरवून तसाच तिरका करावा लागतो, नाहीतर आवाज दबतो. आता त्या किंकाळीवर कानाला काय कळत नाही. माणसाचा आवाज असला तर पटकन कळतं, “स” आणि “घ” साफ ऐकू आले की समजायचं लागला. म्हणून मी त्यांचं “सापाचा” लावून ठेवलं. फिरवून फिरवून. “सापाचा, घालते पिन, दाब गं संघे.” पाऊण तास तेच ऐकत होतो.’ त्याने ते वाक्य म्हटलं तेव्हा नकळत आईची लकब घेतली होती, ‘संघे’वरचा तो हेल, आणि संघमित्राच्या अंगावर सर्रकन काटा आला.

‘तू तिला वापरलीस,’ ती म्हणाली. ‘स्क्रू लावायला वापरलीस आणि काम झाल्यावर फेकून दिलीस. पाऊण तास ऐकलीस. मी इतकी वर्षं नाही ऐकली, फीत खराब होईल म्हणून मन मारून बसले, आणि तू पाऊण तास ऐकलीस. कोण बोलतंय असं एकदा तरी मनात आलं का तुझ्या? कोण आहे ही बाई? फोन करून विचारायचं सुचलं का? कपॅसिटर बरा परत दिलास मला. पिशवीत घालून.’

तो मान खाली घालून ऐकत होता. त्याने काहीच बचाव केला नाही, आणि तिला ते सहन होईना. तिला तो भांडायला हवा होता. मेट्रोत मनातल्या मनात किती छान उत्तरं देत होता. बाहेर कुंदाबाई कुणाला तरी ‘पाय पूस, पाय पूस’ म्हणून ओरडत होती, अंड्यांच्या पुठ्ठ्यांतूनसुद्धा ऐकू येत होतं. संघमित्राने पर्समधून कॅसेटी काढून त्याच्यासमोर टाकल्या. ‘ठेव तुझे प्रोग्राम,’ ती म्हणाली आणि दाराकडे वळली.

‘ताई, एक सांगू?’ कृणाल म्हणाला. ‘दुसऱ्या कॅसेटच्या शेवटी एक तुकडा होता. माझ्या सॉफ्टवेअरने एरर दिला म्हणून मी ऐकून बघितला. तो तुम्हाला माहितीये का?’

‘शेवटी गॅलरीचा आहे. त्याच्यापुढे जुनी गाणी.’

‘नाही. गॅलरीच्या पुढे अजून एक होता. तुम्ही नव्हता बहुतेक, कारण “संघे” नव्हतं त्यात. त्या म्हणाल्या, “मथुराबाईचा.”’ तो अडखळला. ‘“मथुराबाईचा. घालते पिन.” पण पिन घातली नाही. टक्क आलं नाही. मग त्यांनी तोंडानेच तो आवाज काढला. कॉम्प्युटरचा. आधी लांब शिट्टी, मग ती खरखर. बराच वेळ. मला आधी कळेचना काय आहे ते. मग हसू आलं, खोटं नाही बोलत. मग थोडा वेळ काहीच नाही. आणि मग त्या म्हणाल्या, “आलं का काही?” आणि टेप बंद.’

संघमित्रा दाराच्या कडीला हात लावून उभी राहिली. हे तिला माहीत नव्हतं. ती तेव्हा कॉलेजात जायला लागली असेल, माटुंग्याला, संध्याकाळी उशिरा यायची. कारखान्यातून आलेली आई, चाळीतली ती खोली, टीव्हीवर कापड टाकलेलं. आईने एकटीने पिन काढली, भरणं सुरू केलं, आपल्या नावाने प्रोग्राम सुरू केला, आणि त्या यंत्राला कळेल अशा भाषेत त्याच्याशी बोलली. इतकी वर्षं ती शेजारी बसून ऐकत होती, तिला वाटलं असेल, एवढं तर आपल्यालाही येईल. आणि मग उत्तराची वाट बघितली. कुणी बघत नसताना. मग उठून भाकरी टाकायला गेली असेल, आणि हे कधी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर घरातले हसले असते, हा हसला तसेच. आणि आता ते ऐकलेला जगात एकच माणूस होता, जो ते खराब म्हणून पुसून बसला होता. संघमित्राला त्याचा गळा धरावासा वाटला, आणि त्याला काही होऊ नये असंही वाटलं, आजारपण नको, अपघात नको, कारण आता ते फक्त त्याच्या डोक्यात होतं.

ती परत आत आली. ‘कसा काढला आवाज?’

‘कसा म्हणजे?’

‘तुझ्या लक्षात आहे ना? करून दाखव.’

‘मला नाही जमणार ताई.’

‘पाऊण तास ऐकलीस. तुझे कान ग्रुपमध्ये सगळ्यात चांगले आहेत. कर.’

तो चाळिशीला आलेला, ढेरी सुटलेला माणूस लाजून लाल झाला. संघमित्राने मोबाइल काढला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि त्याच्यापुढे टेबलावर ठेवला. मग तिला आठवलं की नाव सांगायचं राहिलं. नाव सांगितलं नाही तर पुढे शोधणार कसं.

‘मथुराबाईचा,’ ती म्हणाली. आवाज रागाने थरथरत होता आणि तिने तो सावरायचा प्रयत्न केला नाही. ‘घालते पिन. कर आता.’

कृणालने डोळे मिटले. त्याच्या तोंडातून आधी बारीक शिट्टी निघाली, वर चढत गेली, एका जागी थरथरत थांबली, तिथे त्याने मध्येच एक श्वास घेतला, बायकी, घाईचा, जसा दमलेली बाई घेते तसा, आणि मग जीभ टाळूला लावून ती खरखर. तो श्वास आईचा होता. तो त्याने कापला नव्हता, त्याच्याकडे शिल्लक होता. संघमित्राने खुर्चीची पाठ घट्ट धरली. खरखर संपली. कृणाल गप्प राहिला, टेपमध्ये होतं तेवढं. मग त्याने हळू आवाजात, अगदी हळू, विचारायला तोंड उघडलं.

‘आलं का–’

‘कोनाला काय जालं रं?’ दाराबाहेरून कुंदाबाईचा आवाज आला, दणदणीत. ‘मांजर शिरली काय घरान?’

कृणालने दचकून डोळे उघडले. ‘सॉरी ताई, आईचा आवाज आला मध्ये. परत घेऊ. किंवा राहू दे, मी तेवढं कट करून देतो, कळणारपण नाही,’ म्हणत त्याने मोबाइलकडे हात नेला.

‘हात लावू नकोस,’ संघमित्रा म्हणाली.

तिने मोबाइल उचलला. दार ढकलून कुंदाबाई आत आली, कोलंबीच्या वासाचे ओले हात पुढे धरून, आणि पुन्हा काय झालं ते विचारायला लागली. रेकॉर्डिंग चालूच होतं. संघमित्राने मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला आणि धरून ठेवला.